ताईचा डावा गाल

आमच्या क्लिनिकच्या मागच्या खोलीतला एक नियम कुठेही लिहून लावलेला नाही, पण तो सगळ्यांना तोंडपाठ असावा लागतो. उजवं म्हणजे खुर्चीत बसलेल्याचं उजवं, समोर उभं राहणाऱ्याचं नव्हे. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी बजावते आणि प्रत्येकजण दुसऱ्या दिवशी चुकतो. मग मी ओरडते. मी फार पटकन ओरडते असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे.

मी त्वचेची डॉक्टर. गवंडी भिंतीकडे बघतो तशी मी चेहऱ्यांकडे बघते. कुठे भेग गेलीय, कुठे पोपडा सुटलाय, कुठे ओल धरलीय. बाई आत आली की नाव विचारायच्या आधी माझ्या डोक्यात तिचं वय येतं, आणि ते सहसा चुकत नाही. त्यामुळे समारंभात बायका माझ्यापासून जरा लांबच बसतात.

माणसाच्या स्वतःच्याच रक्तातून काढलेला द्रव त्याच्याच चेहऱ्यात टोचला की सुरकुत्या जातात, असं हल्ली जो तो छातीठोकपणे सांगतो. मला छातीठोक माणसांची ॲलर्जी आहे. म्हणून मी चाचणी आखली. दंडातून रक्त घ्यायचं, ते यंत्रात गरगर फिरवायचं. तांबडं सगळं तळाला बसतं आणि वर वाळलेल्या गवताच्या रंगाचा द्रव उरतो. तो चेहऱ्याच्या एका बाजूला बारीक सुईने टोचायचा. दुसऱ्या बाजूला नुसतं सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी. दर महिन्याला एकदा, असं तीन वेळा. शेवटी दोन बाजू ताडून बघायच्या.

कुठल्या बाजूला काय गेलं हे पेशंटला माहीत नसायचं आणि मलाही. ते फक्त सिस्टरला ठाऊक. ती दोन्ही सिरिंजना पांढरी चिकटपट्टी गुंडाळून आणायची, आतला रंग दिसू नये म्हणून. एकीवर 'उजवी', एकीवर 'डावी'. सिस्टर तोंडाने तिखट, पण पोटात गेलेली गोष्ट तिच्या ओठावर येत नाही. मी एकदा सहज खडा टाकून पाहिला होता. "मॅडम, तुम्हीच नियम करायचे आणि तुम्हीच मोडायचे?" एवढं म्हणून ती ट्रे धुवायला निघून गेली.

एक बाई ऐन वेळी गळल्या आणि त्यांच्या जागी ताई आली.

नात्यातलं माणूस चाचणीत घेऊ नये हे मला कळत होतं. पण ताईला नाही कसं म्हणायचं हे मी कधी शिकलेच नाही. ती माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी. आई मला जन्म देऊन दोन महिन्यांत गेली, आणि कॉलेजात जायच्या वयात ताईने मला कडेवर घेतलं. ती कपडे शिवते. माझ्या शाळेच्या फ्रॉकपासून डॉक्टरीच्या पांढऱ्या कोटापर्यंत सगळं तिच्या मशीनवरून आलेलं. बाहेर मी मॅडम असेन, तिच्यासाठी मी ठकू.

ताईच्या डाव्या गालावर एक व्रण होता, कानाच्या पाळीपासून जबड्यापर्यंत. मी वर्षाची असताना ती मला घेऊन जिना उतरत होती. पाय निसटला. दोघी कोसळलो, तेव्हा लोखंडी पायरीची कड आणि माझं डोकं यांच्यामध्ये तिने आपला गाल घातला. ज्या डॉक्टरने टाके घातले त्याच्यावर तिचा अजून राग होता. "यापेक्षा मी गोणपाट बरं शिवते," म्हणायची. आणि कुणी हळहळलं की हसून म्हणायची, "पायरीला कुणीतरी हवंच होतं. माझा गाल मोठा होता, एवढंच."

लहानपणी झोप लागेपर्यंत मी त्या व्रणावर बोट फिरवत असे. टाक्यांचे ठिपके मला मोजायच्या आधी पाठ झाले होते.

पहिल्या वेळी ती खुर्चीत बसली आणि आधी माझ्या कोटाची बाही ओढून बघितली. "शिवण उसवलीय. डॉक्टरीण बाई, असं हिंडता लोकांत?"

"ताई, तोंड बंद. हलू नकोस."

"बरं. भूल नीट चढू दे हं. आणि व्रणाला हात लावायचा नाही. ती माझी कमाई आहे."

मी हसले. उजव्या गालात 'उजवी', डाव्या गालात 'डावी'. टिपूसभर रक्त आलं. मी कापूस दाबून धरला. बाकी सगळ्यांना दिलं तेच, तसंच. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं खरोखर काही नाही, आणि मी तो दिवस पुष्कळदा आठवून पाहिला आहे.

महिन्याने ती आली तेव्हा मला आनंद झाला, हे कबूल करते. डावी बाजू सुधारली होती. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक रेघा पुसट झाल्या होत्या, उन्हाचा एक जुना डाग गेला होता. उजवी बाजू होती तशीच. इतर पेशंटमध्ये मला भिंग घेऊनही धड फरक सापडत नव्हता, आणि इथे तो दारातून दिसत होता. डावीकडेच औषध गेलंय, हे सांगायला सिस्टरची गरज नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

व्रण मात्र जरा गुलाबी दिसत होता. सुईचा त्रास असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरी वेळ पार पडली.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी भाऊजी क्लिनिकवर आले. ताईचे यजमान म्हणजे सरळ बोलतील तर शपथ. प्रत्येक वाक्याला एक विनोद जोडलेला. त्या दिवशीही त्यांनी सुरुवात तशीच केली.

"तुमच्या बहिणीचं तुम्ही निम्मंच काम केलंत. आता मी दोन बायकांचा नवरा झालोय. एक तरुण, एक जुनी. जुनी बरी आहे."

"आणि तरुण?"

ते खुर्चीत सरकून बसले, पुन्हा उठले. खिडकीपाशी जाऊन पडद्याची दोरी चाळवत राहिले.

"ती मला ओळखत नाही," ते म्हणाले.

मी वाट पाहिली. पुढचा विनोद आला नाही.

"डावीकडून जवळ गेलो की दचकते. बसमध्ये अनोळखी माणूस शेजारी येऊन बसला की बाई अंग चोरते ना, तशी. मग मान वळवते, उजवी बाजू माझ्याकडे होते आणि म्हणते, अहो, चहा टाकू का? मी आता घरात उजवीकडूनच फिरतो. डॉक्टर तुम्ही आहात. मला फक्त सांगा, हे उतरेल ना?"

मी त्यांना पाणी दिलं. सुईने चेहऱ्याची शीर दुखावली तर हसू वाकडं येतं, डोळा कमी मिटतो, बघणाऱ्याला भलतंच वाटतं, असं सगळं समजावलं. सुतावरून स्वर्ग गाठू नका, असंही मी म्हणाले. ते मान डोलवत गेले, पण मला नंतर कामात लक्ष देता येईना. तीनदा हात धुतले. एका पेशंटला तोच प्रश्न दोनदा विचारला.

संध्याकाळी ताईकडे गेले आणि तिला खिडकीपाशी बसवलं. भुवया वर कर. डोळे घट्ट मीट. गाल फुगव. दात दाखव. दोन्ही बाजू चोख, शिरेला काहीही झालेलं नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की मी तिच्यावरच ओरडले, उगाच नवऱ्याला घाबरवतेस म्हणून.

तेवढ्यात भाऊजी आत आले. ताई हसली. उजवा गाल वर गेला, उजव्या डोळ्याभोवती त्या सवयीच्या सुरकुत्या पडल्या.

डावी बाजू हसली नाही. ती सभ्यपणे थांबली होती, कुणीतरी ओळख करून देईल म्हणून.

मी डोळे चोळले. पुन्हा पाहिलं तेव्हा ताई खाली वाकून सुईत दोरा ओवत होती.

व्रण आणखी लाल झाला होता. टाक्यांच्या जागी बारीक टोकं वर आली होती, काल-परवा शिवल्यासारखी. मी बोट लावलं तर तिने चटकन डोकं मागे घेतलं.

"दुखतंय?"

"हुळहुळतंय. नवीन असताना हुळहुळायचं तसं." मग ती स्वतःशीच म्हणाली, "किती वर्षांनी आठवलं."

तिसऱ्या वेळी ती आली तीच चिडलेली. लोक बोलताना कुठे बघायचं ते विसरतात, म्हणाली. गिऱ्हाइकं माप देताना खाली बघतात. "एक बाजू इस्त्री केलेली, एक चुरगळलेली, असं कापड मी दिलं तर तोंडावर फेकतील माझ्या. ठकू, या खेपेला ते चांगलं औषध इकडे घाल. दोन्ही बाजू सारख्या कर आणि सोड मला."

"असं करता येत नाही. नियम आहे."

"नियम कुणाचा?"

"माझा."

"मग झालं तर."

मी थांबायला हवं होतं. चाचणी तिच्यापुरती बंद करायची, आठ दिवस नुसतं बघायचं, कुठल्याही शिकाऊ डॉक्टरने हेच सांगितलं असतं. पण मला त्या दोन बाजूंकडे एकदम बघवत नव्हतं. मला माझी ताई एकसंध हवी होती. त्या थांबलेल्या, सभ्य डाव्या बाजूने खोलीभर माझ्यामागे बघत राहू नये, एवढंच मला वाटत होतं.

सिस्टर ट्रे ठेवून बाहेर गेली. मी 'डावी' उचलली आणि ताईच्या उजव्या गालात रिकामी केली. मग 'उजवी' डाव्या गालात. दुसऱ्या कुणी माझ्या खोलीत हे केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

ताई डोळे मिटून पडली होती. "अगदी शहाणी गं माझी बाई," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी न कळवता तिच्याकडे गेले. तिच्या शिवणाच्या खोलीत मशीन असं ठेवलंय की दारातून आत येणाऱ्याला ती डावीकडून दिसते. पायाखालच्या पट्टीचा खटखट आवाज चालू होता. जमिनीवर कापडाचे तुकडे, खडूची धूळ.

मी दारात उभी राहिले. तिने डोळा वर केला, मला पाहिलं आणि मशीन थांबवलं.

"बसा ना," ती म्हणाली. "एवढी शिवण संपवते. ब्लाउजचं माप द्यायचंय का?"

गिऱ्हाइकाशी बोलायचा तिचा तो गोड आवाज मी जन्मभर ऐकलाय. पण तो कधी माझ्यासाठी नव्हता.

"ताई," मी म्हणाले.

तिने मान वळवली. उजवा डोळा माझ्यावर पडला. "अगं ठकू! कधी आलीस? आणि अशी भुतासारखी काय उभी राहिलीस?"

मी तिचं बोलणं ऐकत नव्हते. मी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला.

व्रण नव्हता.

पुसट झाला नव्हता, बुजला नव्हता. खोल गेलेला जुना व्रण असा जात नाही. त्वचेखाली गाठ राहते, बोटाला कळते. मी बोट फिरवलं. पाळीपासून जबड्यापर्यंत, जिथे मला न बघताही ठिपके सापडायचे. गाल सलग होता. तिथे कधी काही झालंच नव्हतं.

"काय शोधतेस?" ताईने विचारलं. आणि तिला खरंच माहीत नव्हतं.

माझं डावं कानशील ठणकायला लागलं होतं. उन्हातून आल्यामुळे असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं.

तिथून मी थेट क्लिनिकवर गेले. सिस्टर कपाट लावत होती. मी दार लोटून घेतलं.

"ताईच्या कुठल्या बाजूला काय होतं? मला आत्ता सांगा."

"मॅडम, नियम..."

"खड्ड्यात गेला नियम."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातातलं खाली ठेवलं.

"रक्तातलं उजवीला. डावीत मिठाचं पाणी."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. डावीत मिठाच्या पाण्याशिवाय काही नव्हतं."

मी स्टुलावर बसले, लगेच उठले. "कुठल्या बाटलीतलं? वेगळी बाटली आली होती? तारीख उलटलेली?"

"सगळ्यांना एकाच प्रकारचं दिलंय, मॅडम. परवा माझ्या डोळ्यात कचरा गेला, तेव्हा त्यातल्याच पाण्याने मी डोळा धुतला." तिने कपाटाचं दार लावलं. "काय झालंय?"

मी सांगितलं नाही. काय सांगणार होते? जिला औषध दिलं ती बाजू मला ओळखत होती. जिला काहीच दिलं नव्हतं ती बाजू निघून गेली. आणि तेच काहीच नसलेलं मी माझ्या हाताने तिच्या उजव्या गालात भरलं होतं.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. जेवताना उभी, फोनवर बोलताना येरझारा. रोज सकाळी ताईला फोन करायचा आणि ती काय म्हणते ते ऐकायचं. "बोल ठकू." की हुश्श करायचं. "बोल ठकू." पुन्हा हुश्श.

मग एका सकाळी ती नुसतं म्हणाली, "बोल."

आणि एका सकाळी फोन भाऊजींनी उचलला.

शेवटच्या तपासणीला तेच तिला घेऊन आले. आत मात्र आले नाहीत. बाहेरच्या बाकावर हात मांड्यांखाली घालून बसले. मी जवळ गेले तेव्हा मान वर न करता म्हणाले, "आज तिने मला विचारलं, तुम्ही इथेच राहता का. मी हो म्हटलं. तर म्हणाली, बरं झालं, घरात सोबत असावी."

मी आत गेले.

ताई खुर्चीत बसली होती. पर्स मांडीवर, पाय जुळवलेले. दोन्ही बाजू आता सारख्या होत्या. इतका एकसंध चेहरा मी माझ्या सबंध धंद्यात पाहिला नव्हता. मी तिचं वय सांगायचा प्रयत्न केला. मला सांगता येईना.

मी कॅमेरा लावला. समोरून एक. उजवीकडून एक.

"तुम्ही हळुवार काम करता हो," ती म्हणाली.

"सवय आहे."

"घरी कोण असतं तुमच्या?"

बटणावरचं माझं बोट तिथेच राहिलं. "बहीण आहे. मोठी."

"मोठी बहीण म्हणजे अर्धी आईच की." ती मनापासून हसली, दोन्ही गालांनी. मग हसू हळूहळू ओसरलं. "मलाही होती. धाकटी. वर्षाचीच होती."

मी कॅमेऱ्याची काच पुसली.

"जिन्यावरून पडलो आम्ही. माझ्या कडेवर होती." पर्सचा बंद ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "इथे लागलं तिला. पायरीची कड."

तिने स्वतःच्या डाव्या कानशिलाला हात लावला.

"आणि मला बघा. कुठे खरचटलंसुद्धा नाही."

तिने डावा गाल माझ्याकडे केला. मला नीट दिसावा म्हणून दिव्याच्या उजेडात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कॅमेरा खाली ठेवला. मला म्हणायचं होतं, ताई, मी इथे आहे. तुझ्या समोर उभी आहे. बाहीची शिवण अजून उसवलेली आहे, बघ. मी तोंड उघडलं.

तिच्या कपाळावर आठी पडली.

"अहो," ती उठत म्हणाली, "हे काय लागलंय तुम्हाला?"

तिने ट्रेमधला कापूस उचलला. एका हाताने माझी हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि माझे केस बाजूला सारून कापूस डाव्या कानशिलावर ठेवला.

"हलू नका," ती म्हणाली. "खोल आहे."

तिने तो दाबून धरला. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, तिने ट्रेमधून दुसरा घेतला.